दरडग्रस्तांसाठी वकिली करायचीय? माझा अनुभव

लॉ करणारी मुलं बऱ्याचदा विचारतात, की हवामान बदल आणि विस्थापन हा विषय एलएलएमला घेऊ का, यात करिअर होतं का, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी 'क्लायमेट रेफ्युजी', म्हणजे हवामान बदलामुळे झालेला निर्वासित, हा शब्द डोक्यातून काढा. भाषणात चालतो, कायद्यात नाही. 1951 च्या निर्वासित करारात कारणं पाचच, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत, त्यात पूर नाही की दरड नाही, आणि भारताने तर त्या करारावर सहीच केलेली नाही. किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाचे टेइटिओटा न्यूझीलंडमध्ये हेच सांगत राहिले की समुद्र वर येतोय, आम्हाला परत पाठवू नका. ते केस हरले, पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीचा जो निर्णय जानेवारी 2020 मध्ये बाहेर आला त्यात म्हटलंय की जिवाला खरा धोका असेल तिथे माणसाला परत पाठवणं जगण्याच्या हक्काच्या आड येऊ शकतं. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जे सल्लागार मत दिलं त्यातही हा मुद्दा आलाय. दोन्ही मुळातून वाचा, नोट्सवर भागवू नका.

पण देश सोडणारे थोडेच असतात हो. माळीण 2014, तळीये 2021, इर्शाळवाडी 2023, या दरडींतून वाचलेली माणसं आपल्याच तालुक्यात कंटेनरमध्ये राहिली नाहीतर नातेवाइकांकडे. अशांसाठी संयुक्त राष्ट्रांची 1998 ची अंतर्गत विस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, फार चांगली आहेत, पण बंधनकारक नाहीत. आफ्रिकेतल्या देशांनी 2009 मध्ये कंपाला करार केला, 2012 पासून तो लागू आहे आणि त्यात हवामान बदल नाव घेऊन लिहिलाय. आपल्याकडे धरणग्रस्ताला पुनर्वसनाचा कायदा आहे. दरडग्रस्ताला आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 आणि त्या त्या वेळी निघालेले जीआर. म्हणजे मदत येते, घरही मिळतं, पण हक्क म्हणून मागायला गेलं की पायाखाली काही नसतं. मला हे आजही सहन होत नाही.

2021 च्या पावसानंतर मी महाडच्या बाजूला एका वाडीत काम करत होते. दोन भाऊ, एकच घर, मधे कुडाची भिंत, दोन चुली, दोन रेशनकार्डं. घरपट्टी मात्र वारलेल्या बापाच्या नावावर. पंचनाम्यात घर एक लागलं, म्हणून नवीन वसाहतीतही घर एकच आलं. धाकट्याची बायको मला म्हणाली, "ताई, माजी चूल कुटं मांडू?" मी तेव्हा पिशवीत संयुक्त राष्ट्रांचे जिनिव्हाचे रिपोर्ट घेऊन फिरत होते आणि मला पंचनामा धड वाचता येत नव्हता. त्या रात्री बसून नमुना 8 (ग्रामपंचायतीतला घरांच्या नोंदीचा उतारा), सातबारा, वारसनोंद, वनहक्क दावा हे सगळं एका रिटायर्ड तलाठ्यांकडून शिकले, ते आमच्याच गावचे. त्या कुटुंबाचा अर्ज वेगळ्या रेशनकार्डावर आणि जुन्या लाइटबिलावर उभा केला, दीड वर्ष लागलं पण दुसरं घर मंजूर झालं. तेव्हा नवीन मुलांना माझं पहिलं सांगणं हेच, कागद आधी, करार नंतर.

दोन कलमं तोंडपाठ हवीत, योगायोगाने दोन्ही 12. आपत्ती कायद्याचं कलम 12 मदतीच्या किमान दर्जाचं आहे, निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, विधवा आणि अनाथांसाठी वेगळी तरतूद. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चं कलम 12, त्यात पूर, भूकंप अशा आपत्तीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वाड्यांमध्ये हे कुणालाच माहीत नसतं! माळढोक पक्षी वाचवण्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये मानलाय, तोही अर्जात वापरता येतो.

आकडे वापरताना जपून. आयडीएमसी ही अंतर्गत विस्थापनाची आकडेवारी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणते 2024 मध्ये जगात आपत्तींमुळे 4 कोटी 58 लाख विस्थापनं झाली. ती विस्थापनं आहेत, माणसं नव्हेत, एकच कुटुंब वर्षात दोनदा हललं तर दोनदा मोजलं जातं.

शिकायला मुंबईत टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आपत्ती अभ्यासाचं स्कूल आहे, बाहेर जायचं तर सिडनीचं काल्डोर सेंटर निर्वासित कायद्यासाठी चांगलं. पैसा सुरुवातीला कमी, मी तीन वर्षं सकाळी कोर्टात जामिनाची कामं करून हे केलं.

आता आम्ही दरड पडायची वाट बघत नाही. धोकादायक यादीतल्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यातच जातो, घरांची नाही तर चुलींची यादी करतो, वारसनोंदी लावून घेतो आणि प्रत्येक घरच्या कागदांचा एक सेट वाडीबाहेर कुणाकडे तरी ठेवतो. यायचं असेल तर एप्रिलमध्ये या, जूनमध्ये वर जायची पायवाट बंद होते.