टेक्सासमधल्या शेजाऱ्याशी हवामानावर बोलायचंय? मग असं बोला

ह्यूस्टन साइडच्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. इकडे ‘क्लायमेट चेंज’ म्हटलं की समोरचा आधी तुम्ही कुठल्या पार्टीचे ते बघतो आणि मग ऐकायचं की नाही ते ठरवतो, त्यामुळे सुरुवातीला तो शब्द काढूच नका.

पाण्यापासून सुरू करा. २०१७ ला हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा घरात कुठपर्यंत पाणी होतं, गाडी वाचली का, इन्शुरन्सचे पैसे कधी मिळाले, एवढंच विचारा आणि मग गप्प बसून ऐका. कार्पेट रिपब्लिकनचंही भिजलं आणि डेमोक्रॅटचंही, आणि भिजलेलं कार्पेट ओढून बाहेर टाकल्याचं सांगताना माणूस खरंच मोकळा होतो.

कारणांवर आलात की जपून. ‘हार्वे क्लायमेट चेंजमुळेच आलं’ असं अजिबात म्हणू नका, एक तर ते बरोबर नाही आणि तो लगेच म्हणणार की १९०० साली वादळात इथलं किनाऱ्यावरचं गॅल्व्हेस्टन शहर बुडालं ते कशामुळे मग? वादळं आधीपण यायचीच, पण हवा १ डिग्री सेल्सियसने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून तसंच वादळ आता जास्त पाऊस पाडतं. हार्वेचा पाऊस तापमानवाढीमुळे अंदाजे १५ टक्के वाढला असं शास्त्रज्ञांच्या एका टीमने काढलंय. एवढंच सांगा, वाढवून सांगू नका.

फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत लाइट गेली त्याचा विषय निघणारच. पवनचक्क्या गोठल्या होत्या हे आधी मान्य करा, मग सांगा की सगळ्यात जास्त वीज गॅसची बंद पडली होती. आणि पवनऊर्जेत टेक्सास देशात पहिला आहे, रँचवाल्यांना त्याचं भाडं मिळतं, हे त्याला ऐकायला आवडतं.

शिकलेला आहे म्हणजे पटकन पटेल असं धरू नका, सर्व्हेत दोन्ही पक्षांच्या जास्त शिकलेल्यांच्याच या विषयावरच्या मतांमधलं अंतर मोठं दिसतं. चर्चला जाणारा असेल तर टेक्सास टेक युनिव्हर्सिटीच्या कॅथरीन हेहो यांचा व्हिडिओ पाठवा, त्या हवामान शास्त्रज्ञ आहेत आणि श्रद्धाळू ख्रिश्चनही. पण पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर सगळ्यांसमोर कोणी माघार घेत नाही.

पटलं नाही तरी चालेल. ऑगस्ट २०१८ मधे हॅरिस काउंटीत (ह्यूस्टन ज्यात येतं ती) पूर नियंत्रणासाठी २.५ अब्ज डॉलरचा बाँड, म्हणजे कर्ज उभारायचा प्रस्ताव, ८५ टक्क्यांच्या आसपास मतांनी पास झाला, दोन्हीकडच्या लोकांनी मिळूनच केला ना तो. आपल्या भागातल्या बायूचं (इकडच्या संथ वाहणाऱ्या ओढ्याचं) काम कुठवर आलंय ते त्याला विचारा आणि काउंटीच्या पुढच्या मीटिंगला दोघं सोबत जा.