मियाटाच्या मीटरचे डायल बदलताय? या चुका टाळा

पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाला पांढरे डायल घालायची हौस मला कळते. १९८९ साली आलेली गाडी, जुने डायल फिके पडलेत, आणि पांढऱ्यावर काटा उठून दिसतो. मीही घातलेत. पण इथे मिशिगनमध्ये ओळखीच्यांची बिघडलेली क्लस्टर (स्टिअरिंगमागचे सगळ्या मीटरचे डबे) माझ्या टेबलावर येतात, तेव्हा दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: स्पीडोमीटरचा काटा.

या गाडीत वेग केबलने येतो. केबल लोहचुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. त्या वाटीच्या दांडीवर काटा नुसता दाबून बसवलेला असतो. म्हणजे काट्याला दिलेला प्रत्येक हिसका थेट स्प्रिंगला बसतो. शिवाय शून्य ही काट्याची खरी जागा नाहीच. तिथे त्याला एक खुंटी अडवते. काटा हलकेच उचलून खुंटीपलीकडे सोडला, की तो शून्याच्या खाली जाऊन थांबतो. ही मोकळी जागा काटा काढण्याआधी टिपून ठेवायची असते, आणि घाईत नेमकी हीच राहते.

माझ्या मावसभावाची १९९१ ची मियाटा. दुपारी फिरायला जायचं म्हणून सकाळीच कामाला बसला. काटा ओढला, नवा डायल लावला, काटा शून्यावर दाबला. पण काटा निघताच दांडी आपल्या मोकळ्या जागी गेली होती. हायवेवर मीटर दाखवतंय ६५ मैल, फोनचं जीपीएस ५६. इथे थांबून क्लस्टर पुन्हा उघडलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्याने काटा दांडीवर बसलेला असतानाच बोटांनी मागे पिळला. स्प्रिंग ताणली गेली. गाडी उभी असतानाही काटा २० वर. ‘दादा, आता काय करू?’ म्हणून फोन आला, तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. भंगारातून दुसरा स्पीडोमीटर आणला, त्यावर दुसऱ्याच गाडीचे मैल. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे जुना आकडा लावता येत नसेल, तर मैल मोजणारं मीटर शून्यावर आणून डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचे मैल आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी लागते. इतकी जपलेली गाडी, आणि आता दार उघडलं की ती चिठ्ठी.

माझी सवय सांगतो. जुन्या डायलवर मास्किंग टेप लावून खुंटीवरची आणि मोकळी, अशा काट्याच्या दोन्ही जागा पेन्सिलने खुणावतो आणि फोटो काढतो. काट्याखाली दोन्ही बाजूंनी दोन चमचे, खाली मऊ कापड, आणि दोन्हीकडून सारखा जोर देत काटा सरळ वर. पक्कड नाही. एका बाजूने उचकटणंही नाही, दांडी वाकते. काही जण काटा उलटा फिरवत काढतात आणि कधी कधी निभावतं. मी ते करत नाही. बसवताना मोकळ्या जागेच्या खुणेवर हलकाच दाबतो, मग उचलून खुंटीवर आणतो. ३०, ५० आणि ६५ मैलांवर जीपीएसशी ताडल्याशिवाय पूर्ण दाबत नाही. हे पडताळताना शेजारी कुणीतरी बसवा, गाडी चालवताना दोन्हीकडे बघू नका.

जुन्या डायलवर चिकटवायचे पातळ कागद स्वस्त असतात, पण जाडी वाढून काटा घासतो. जुना डायल काढून पूर्ण नवाच लावा.

रात्री स्वतः उजळणारे डायल घेणार असाल, तर त्यांच्या इन्व्हर्टरला (बॅटरीच्या विजेचा एसी करणाऱ्या छोट्या डबीला) वेगळा फ्यूज द्या. डॅशबोर्डच्या दिव्यांची वायर सोलून जोडून देणं मला अजिबात पटत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे.

पुढची पारदर्शक काच प्लास्टिकची आहे. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बस्स.

क्लस्टर परत बसवताना स्पीडोमीटरची केबल शेवटपर्यंत दाबा.

१९९५ पासूनच्या गाड्यांत ऑइलच्या दाबाचा काटा इंजिन चालू झालं की मध्यावर जाऊन तिथेच राहतो. त्यामागे नुसता स्विच आहे. तुम्ही काही बिघडवलेलं नाही, पुन्हा उघडू नका.

आणि टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारं मीटर: १.६ लिटरचं इंजिन पूर्ण तापू द्या, एसी आणि दिवे बंद ठेवा. गाडी उभी असताना काटा ८५० च्या आसपास हवा. हजाराच्या वर दिसला तर आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या फेऱ्यांच्या) स्क्रूला हात लावण्याआधी काटा कसा बसवलाय ते बघा.