मित्रांना घेऊन घाट धावताना: सातारा हिल हाफची तयारी

सातारा हिल हाफ ही यवतेश्वर घाट चढून उतरायची हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर. मित्रांच्या गटाला ती ठरल्या वेळेत कशी पार करवायची, ते इथे सांगतोय. शूज, मोजे, बिब (छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक), टोपी यांवर शब्द घालवत नाही. शूज नवे नकोत, एवढंच. सप्टेंबरात साताऱ्यात पाऊस आणि धुकं धरूनच चला. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पुरुषांनी छातीवरही व्हॅसलिन चोपडा, ओला टी-शर्ट दोन तास घासला की रक्त येतं.

आता मुख्य गोष्ट. पट्टी करा. कुठल्या टप्प्याला किती वाजायला हवेत, हे चढउताराच्या हिशेबाने लिहिलेली कागदाची पट्टी. ‘अडीच तास म्हणजे किलोमीटरला ७:०६ (सात मिनिटं सहा सेकंद)’ हा भागाकार सपाट रस्त्यावर चालतो. इथे पहिली साडेदहा किलोमीटर बहुतेक चढ आणि त्याच वाटेने परत, त्यामुळे ७:०६ चा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, जवळपास कुठेच येत नाही. अडीच तासांत येऊ पाहणाऱ्या गटासाठी पट्टी साधारण अशी बसते: गावातली पहिली ३ किलोमीटर ७:१५ ने, समर्थ मंदिर, बोगदा मागे टाकून यवतेश्वर घाटाची ५ किलोमीटर ८:०० ने, वरची अडीच पुन्हा ७:१५ ने. म्हणजे घाटमाथ्यावर घड्याळात १:०२ (एक तास दोन मिनिटं) आणि परत फिरायच्या वळणावर १:२०. परतीला वरचा भाग ७:०० ने, घाट ६:२० ने, गाव ६:२५ ने. १३ व्या किलोमीटरला १:३७, १८ व्याला २:०९ आणि शेवट २:२९ ला. एक मिनिट हाताशी ठेवलंय, कारण गर्दीतून आडवंतिडवं धावताना अंतर वाढतंच. टप्प्यांची अंतरं मात्र त्या वर्षीच्या नकाशावरून ताडून घ्या.

पट्टी नसेल तर काय होतं? सरासरीच्या हिशेबाने घाटमाथ्यावर ५७ मिनिटं व्हायला हवीत आणि घड्याळ दाखवतं ६२. पाच मिनिटं मागे पडलो, असं गटात कुणीतरी म्हणतं. मग वरच्या सोप्या भागात सगळे जीव तोडून धावतात, वळणावर वेळ जुळल्याचा आनंद होतो आणि उतारावर पंधराव्या किलोमीटरला मांड्या जातात. ही पाच मिनिटं मागे पडलेली नसतातच, उतारावर परत मिळणारी असतात. हे धावताना तोंडाने कुणालाही पटत नाही. हातावरचा आकडा दाखवला की पटतं. म्हणून पट्टी.

फोनमध्ये ठेवू नका; ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. दंडावर पेनाने लिहू नका, घामाने पुसतं. बॉलपेननेच कागदावर लिहा, जेल पेनची शाई पसरते. दोन बोटं रुंद कागद, दोन्ही बाजूंनी पारदर्शक सेलोटेप कडेबाहेर थोडी सोडून चिकटवा, म्हणजे कडेने पाणी शिरणार नाही. तीन प्रती: एक मनगटावर, एक बिबच्या मागे, एक गटातल्या शेवटच्या माणसाकडे. आदल्या रात्री करू म्हणाल तर राहील, शुक्रवारीच करा.

घड्याळावर सरासरी पेस दिसतो तो काढून टाका. लॅप पेस (चालू किलोमीटरचा पेस) आणि एकूण वेळ, दोनच आकडे ठेवा. स्टार्टला वेळ नोंदवणाऱ्या मॅटवर पाय पडला की घड्याळ सुरू. पट्टी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडायची, घाटातल्या वळणांवर जीपीएस चुकतं.

गटाचा वेळ ठरवताना सगळ्यात कमी चढणाऱ्याकडे बघा, सपाटीवरचा वेळ विचारू नका. पुण्यातल्यांनी बोपदेव किंवा सिंहगडचा घाटरस्ता, ठाण्यामुंबईतल्यांनी येऊर नाहीतर नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ एकत्र धावून बघावा. ज्याला तिथे पूर्ण वाक्य बोलता येत नाही, त्याच्यासाठी घाटाचा पेस १५-२० सेकंदांनी सैल करा आणि पट्टी नव्याने लिहा. पेसर, म्हणजे गटाला ठरल्या वेगाने नेणारा, स्वतः त्या वेळेपेक्षा किमान पंधरा मिनिटं आधी येऊ शकणारा हवा. धापा टाकणाऱ्या पेसरचा गटाला काही उपयोग नाही.

उताराचा सराव लोक करतच नाहीत. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून सवय नसली की गोळे येतात. तीनचार वेळा मुद्दाम उतार धावा, शेवटचा दहाबारा दिवस आधी. पावलं लहान ठेवा आणि टाच पुढे रोवून ब्रेक लावू नका.

कुणी तुटला तर काय करायचं, हे आधीच तोंडावर बोलून घ्या. वळणापर्यंत सगळे एकत्र, त्यानंतर दोन मिनिटांपेक्षा मागे पडेल त्याच्याबरोबर शेवटचा माणूस राहील आणि बाकीचे पट्टीप्रमाणे पुढे जातील. भिडेखातर सगळे थांबले की सगळ्यांचीच शर्यत जाते. चक्कर, छातीत दुखणं, बरळणं असलं काही दिसलं तर वेळ विसरा आणि जवळचा वैद्यकीय कक्ष गाठा.

घाटात चार मिनिटं धावणं, एक मिनिट झपझप चालणं, हेही पट्टीत धरलेलं आहे. चालायची वेळ पेसरने मोठ्याने सांगायची. चालताना कडेला या, मागून लोंढा येत असतो आणि पुढचे धावक समोरून उतरत असतात.

खाणं सरावात जे पचलं तेच. एनर्जी जेल किंवा खजूर पाऊण तासाने आणि दीड तासाने. पाणी प्रत्येक ठिकाणी दोन घोट, थंडी वाजत असली तरी, आणि एकदोनदा इलेक्ट्रॉल.

बिब आदल्या दिवशी घ्या. राहायची सोय फार आधी बघा. रात्री साधा वरणभात. सकाळी अडीच तास आधी उठा, शौचालयाची रांग मोठी असते. निघताना मनगट बघा: पट्टी आहे ना?

शर्यत संपली की लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, खा. गाडी दमलेल्या धावकाने चालवू नये. परतीसाठी न धावलेला कुणीतरी बरोबर आणा.