उद्याचं दूध आज: कामावर परतल्यावर पंपिंग आणि बाटलीचं गणित कसं जमवावं

कामावर रुजू व्हायची तारीख जवळ आली की बहुतेक आयांच्या डोळ्यांसमोर दुधाच्या पिशव्यांनी गच्च भरलेला फ्रीझर येतो. माझ्याही आला होता. त्यापायी रजेचे शेवटचे दोन आठवडे मी स्वतःला दूध काढायच्या पंपाला जुंपून घेतलं आणि त्यातलं निम्मं दूध शेवटी टाकून द्यावं लागलं. हिशोब खरं तर छोटा असतो. पहिल्या दिवशी तुम्ही घराबाहेर असताना बाळाला जेवढं लागेल, तेवढंच आधी साठवायचं. त्या दिवशी कामावर काढलेलं दूध बाळ दुसऱ्या दिवशी पितं, दुसऱ्या दिवशीचं तिसऱ्या दिवशी. बाटली सांडली किंवा मीटिंगपायी पंप करणं हुकलं, तर हाताशी असावं म्हणून आणखी एक-दोन दिवसांचं ठेवा. पुरे झालं.

बाळाला किती लागतं?

एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं. कुणी कमी, कुणी जास्त. साधा नियम असा: तुम्ही जितके तास लांब, त्या प्रत्येक तासाला ३० ते ४५ मिली. प्रवास धरून नऊ तास बाहेर असाल तर साधारण २७० ते ४०० मिली, म्हणजे ९० ते १२० मिलीच्या तीन-चार बाटल्या.

आणि यातली गंमत अशी की पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत हे प्रमाण फारसं वाढत नाही. बाळाचं वजन वाढतं, पण वाढीचा वेग मंदावत जातो, त्यामुळे तेवढंच दूध पुरतं. पावडरच्या डब्यावरचा तक्ता इथे लावू नका. ‘आता पाच महिन्यांचं झालं, मोठी बाटली हवी’ असं कुणी म्हणालं तरी घाई नको.

रुजू होण्याआधीचे तीन आठवडे

अंगावर पिणं नीट बसलं की, म्हणजे बाळ साधारण तीन-चार आठवड्यांचं झाल्यावर, बाटलीची ओळख करून द्यायला हरकत नाही. रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात केली की चुका करायला वेळ मिळतो.

पंप करायला सकाळची वेळ धरा. बहुतेकींना रात्रीनंतर दूध जास्त असतं. पहिलं पाजणं झालं की अर्ध्या-पाऊण तासाने दिवसातून एकदाच पंप करा. बाटलीच्या तळाशी २०-३० मिली दिसेल आणि पोटात गोळा येईल. हे जादाचं दूध आहे. बाळ आपला वाटा आधीच पिऊन गेलंय. पंपाला किती येतं यावरून अंगावर किती आहे ते ठरत नाही. कारण बाळाची जीभ आणि जबडा जे काम करतात ते कुठल्याच यंत्राला तितकं जमत नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दिवसाची रंगीत तालीम करा. सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे बाळ आणि बाटल्या सोपवून चार-पाच तास खरोखर बाहेर जा, पंप सोबत घेऊन. झाकण बसत नाही, चार्जर विसरला, बाळ बाटलीकडे बघून तोंड फिरवतंय, हे सगळं त्याच दिवशी कळलेलं बरं. आणि शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो.

पंप नीट लावणं

रोज कामावर जाणार असाल तर दोन्ही बाजूंनी एकदम दूध काढणारा विजेचा पंप वेळ निम्म्यावर आणतो. पण खरी मेख पंपाच्या किमतीत नसते, छातीला लावायच्या फनेलच्या मापात असते. पंपासोबत येणारं फनेल बऱ्याचदा २४ मिमीचं असतं आणि पुष्कळ जणींना त्याहून लहान लागतं. स्तनाग्र नळीत मोकळेपणाने मागेपुढे हललं पाहिजे. ते कडेला घासत असेल तर माप लहान पडतंय. भोवतीची काळसर त्वचा बरीचशी आत ओढली जात असेल तर माप मोठं आहे. दुखणं सहन करत बसायचं नाही. दुखलं की पान्हा अडतो.

सुरुवातीला पंप हलक्या, जलद गतीवर ठेवा. बाळही आधी असंच भराभर चोखतं. धार सुरू झाली की गती कमी आणि ओढ जास्त, पण सोसवेल तेवढीच. ओढ वाढवून दूध वाढत नाही. एकूण १५ ते २० मिनिटं लागतात. मध्ये मध्ये हाताने स्तन हळुवार दाबत, चोळत राहिलात तर नुसत्या पंपापेक्षा जास्त निघतं. हाताने दूध काढायलाही शिकून घ्या, वीज गेलेल्या दिवशी कामी येतं.

पान्हा फुटणं हे डोक्यातल्या ताणाशी जोडलेलं आहे. बाळाचा फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग, त्याचं न धुतलेलं झबलं, जे चालेल ते. मी बाटल्यांवर मोजे चढवायचे. किती मिली आलं हे बघत बसले की थेंब येईना, झाकलं की यायचं. हसू नका, करून बघा.

कामाच्या ठिकाणी

बाळ जितक्या वेळा पितं, साधारण तितक्या वेळा दूध काढायचं. पहिल्या महिन्यांत दर तीन तासांनी, म्हणजे पूर्ण दिवसाच्या नोकरीत दोन ते तीन वेळा. घराबाहेर पडण्याआधी अगदी शेवटी आणि परतल्यावर लगेच पाजलंत तर मधलं एखादं पंपिंग वाचतं. त्यासाठी सांभाळणाऱ्यांना सांगून ठेवा: आई यायच्या आधीच्या तासाभरात पोटभर बाटली देऊ नका, फारच रडलं तर थोडीशी द्या.

विहीर उपसत राहिली की झरे वाहते राहतात, तसंच इथे आहे. स्तन भरून तुडुंब राहिला की दूध बनायचा वेग आपोआप कमी होतो. एखादा दिवस हुकला तर काही बिघडत नाही. रोजचं एक हुकायला लागलं की आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो.

म्हणून वरिष्ठांशी आधीच, शक्यतो लेखी बोला: आतून कडी लागणारी खोली, प्लगची जागा, टेबल आणि कॅलेंडरवर ठरलेल्या वेळा. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. माझ्या एका जुन्या नोकरीत मला प्रेमाने स्वच्छतागृह दाखवण्यात आलं होतं. तिथे कुणी आपलं जेवण तयार करेल का, एवढंच मी विचारलं. दोन दिवसांनी सामानाची खोली रिकामी झाली.

साठवण आणि गरम करणं

बाटलीवर किंवा पिशवीवर तारीख आणि वेळ लिहा. ताजं काढलेलं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं. त्याहून उकडत असेल तर लगेच थंड करा. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड बॅगेत २४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं बदलतं. गोठवताना ६० ते १२० मिलीचे भाग करा आणि वर थोडी जागा सोडा, दूध गोठताना फुगतं. फ्रिजमध्ये ठेवून वितळवलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

गरम करायचं म्हणजे कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. त्यात दूध कुठे थंड राहतं, कुठे तोंड भाजेल इतकं तापतं. वर मलईचा थर आला असेल तर बाटली गोल फिरवून मिसळा. बाळाने पिऊन उरलेलं दूध पाजणं संपल्यापासून २ तासांत वापरा, नाहीतर टाका.

वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास आला तर घाबरू नका. दुधातलं लायपेज हे विकर स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास असतो. बाळाला चालत असेल तर तुम्हालाही चालवून घ्या. म्हणूनच फ्रीझर भरण्याआधी एक पिशवी गोठवून, वितळवून, बाळाला देऊन पाहावी.

बाटली देणाऱ्यासाठी

हा भाग बाळ सांभाळणाऱ्या माणसाला वाचायला द्या. दूध पुरत नाही ही तक्रार पुष्कळदा आईच्या छातीत नसते, बाटली धरणाऱ्याच्या हातात असते. आडवं झोपवून, बाटली उभी धरून पाजलं की दूध घशात पडतच राहतं आणि बाळाला गिळण्यावाचून पर्याय नसतो. पाच मिनिटांत १५० मिली संपतं, सगळे म्हणतात, ‘किती भूक होती बघ!’

त्याऐवजी बाळाला जवळजवळ बसतं धरा, मानेला आधार द्या. सर्वात हळू धारेचं निपल घ्या. ते ओठांना लावा आणि बाळाने आपणहून तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, कोंबू नका. बाटली आडवी धरा, निपलच्या टोकात दूध राहील इतकीच तिरकी. आठ-दहा घोट झाले की बाटली खाली कलवा, श्वास घेऊ द्या. मध्येच बाजू बदला. एका वेळेला १५-२० मिनिटं लागू द्या. मुठी सैल पडल्या, तोंड फिरवलं की संपलं. बाटलीत दूध उरलं तरी संपलंच. म्हणून बाटल्या लहान भरा, लागलं तर आणखी ३० मिली देता येतं.

बाळ बाटली धरतच नसेल तर आईने घराबाहेर जावं. आईचा वास येत असताना बाळ बाटली का घेईल? फार भूक लागण्याआधी, अर्धवट झोपेत, चालता चालता, निपल कोमट करून, असं बदलून बघा. तरी नाही जमलं तर वाटी-चमचा किंवा लहान पेला आहेच. तो धुवायलाही सोपा. काही बाळं दिवसभर जेमतेम पितात आणि आई आल्यावर रात्रभर वसूल करतात. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर तेही ठीकच, फक्त तुमची झोप जाते.

धुणं, आणि दूध कमी वाटलं तर

दुधाला लागणारे सगळे भाग प्रत्येक वेळी वापरल्यावर धुवा. थेट बेसिनमध्ये नाही, त्यासाठी वेगळं भांडं आणि वेगळा ब्रश ठेवा. पुसू नका, हवेत वाळू द्या. बाळ दोन महिन्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर दिवसातून एकदा उकळूनही घ्या. कामावर धुणं अवघड असेल तर सुट्या भागांचे दोन-तीन संच ठेवणं सगळ्यात सोपं.

दूध अचानक कमी यायला लागलं तर आधी पंप तपासा. रबरी वॉशर सैल पडले की ओढ जाते आणि आपण उगीच स्वतःला दोष देतो. ते ठीक असेल तर चार-पाच दिवस एक पंपिंग वाढवा आणि सुटीच्या दिवशी बाळाला मागेल तेव्हा अंगावर घ्या. छातीचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप-अंगदुखी आली तर दिवसभरात डॉक्टरांना दाखवा. पाजणं थांबवायचं नसतं, पण जोरजोरात चोळायचंही नसतं.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की बाटल्या हळूहळू कमी लागतात. तेव्हा एखादं पंपिंग बंद करायचं असेल तर एकदम बंद करू नका. दर दोन-तीन दिवसांनी त्याचा वेळ काही मिनिटांनी कमी करत न्या, आणि मध्येच छाती घट्ट भरल्यासारखी वाटली तर आराम पडेल इतकंच हाताने काढून टाका.