मरळीसाठी जिवंत बारीक मासा कसा पकडायचा आणि टिकवायचा
मरळ हा शिकारी मासा गांडुळाला पण लागतो, पण मोठी मरळ पाहिजे असेल तर गळाला जिवंत बारीक मासाच लावा आणि तो जिथं गळ टाकणार त्याच पाण्यातून पकडा. पवना धरण असो की भिगवणकडचं उजनी धरणाचं पाणी, आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा, धरणातल्या मासेमारीचा ठेका बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे असतो.

पकडायला जाळं नाही लागत. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली खांद्यापाशी कापायची, झाकण काढून तोंडाचा भाग उलटा आत बसवायचा म्हणजे नरसाळं होतं, कडेने सुतळीने शिवून घ्यायचं आणि तापलेल्या खिळ्याने भरपूर भोकं पाडायची नाहीतर बाटली तरंगत बसते. आत कणकेची गोळी आणि वजनाला एक दगड. गुडघाभर पाण्यात गवताच्या कडेला आडवी ठेवा, दोरी काठाला बांधा आणि १५-२० मिनिटं तिकडं फिरकूच नका, सावली पडली की मासे पांगतात.

बोटाएवढे घ्या, दोन-अडीच इंच. चिलापीचं (तिलापिया माशाचं) पिल्लू सगळ्यात चिवट, गळावर बराच वेळ हलत राहतं. रोहू-कटल्याची बोटुकली आली तर लगेच सोडा, संस्थेने पैसे घालून सोडलेली असतात ती. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका वर दिसला तर तिथून उठाच, खाली मरळ राखण करत असते, तिला उचललं तर तो अख्खा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

आता खरं काम, मासे जिवंत ठेवणं. मी पहिल्यांदा घरून नळाचं पाणी बादलीत भरून नेलं होतं, क्लोरीनने अर्ध्या तासात सगळे पोट वर करून तरंगत होते, फार वाईट वाटलं मला. पाणी तिथलंच घ्या. १० लिटरच्या बादलीत दहा-बारा मासे बास, वरून ओलं गोणपाट. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून घरून बर्फ केलेली बंद बाटली न्या आणि थोडा वेळ ठेवून काढा, एकदम गार केलं तरी मरतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की थोडं पाणी बदला. मत्स्यालयाच्या दुकानात सेलवरचा एअर पंप मिळतो, तो असला तर उत्तमच. हात ओला करूनच मासा धरा, कोरड्या हाताला त्याचा बुळबुळीत थर निघून येतो.

गळ पाठीच्या पंखाखालून घाला, अगदी वरवर, कण्याला लागू द्यायचा नाही, नाहीतर मासा लुळा पडतो. वाहत्या पाण्यात दोन्ही ओठांतून. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जाड घ्या कारण मरळ थेट जलपर्णीत घुसते. थर्माकोलचा तरंगा हातभर वर बांधा, जलपर्णीच्या कडेला सोडा. तरंगा बुडाला की लगेच हिसका नको, मरळ आमिषाचा मासा आधी तोंडात धरून पळते, तंगूस ताणायला लागला की मग मारा, फार थांबलात तर गळ पोटात जातो.

उरलेले जिवंत मासे त्याच पाण्यात सोडा, घरी येताना मुठा नदीत किंवा सोसायटीच्या तळ्यात टाकू नका. चिलापी १९५२ मध्ये बाहेरून देशात आणली होती, आज भिगवणला जाळ्यात काय भरलंय बघा. मेलेले पिशवीत घालून फ्रीझरला टाका, पुढच्या वेळी वाम मासा पकडायला चालतात.