जुने रिव्हॉल्व्हर विकत घेताना या चुका टाळा

परवाना हातात पडला की नव्या .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जुने विलायती रिव्हॉल्व्हर घेण्याकडे अनेकांचा ओढा असतो. खासगी वापरासाठीची व्यापारी आयात 1980 च्या दशकात बंद झाल्यापासून वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन, कोल्ट यांची देशात आधीच असलेली शस्त्रेच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आहेत. साहजिकच त्यांची किंमत बरेचदा नळीवरच्या नावावर ठरते, स्थितीवर ठरत नाही. त्यातच या शस्त्रांचे मूळ सुटे भाग इथे सहज मिळत नाहीत. अमेरिकेतला खरेदीदार झिजलेला भाग मागवून बदलून घेऊ शकतो. आपल्याकडे मात्र तेवढ्याच झिजेपायी चांगले शस्त्र कपाटात पडून राहू शकते. म्हणूनच खरेदीआधीच्या तपासणीत घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

चकाकी पाहून भुलणे

शंभरातले नव्वद खरेदीदार सर्वांत आधी रंग पाहतात. जुन्या शस्त्राचे ब्लुइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा मुलामा, आरशासारखे चमकत असेल तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. पुन्हा पॉलिश करताना गंजाचे खड्डे घासून काढले जातात, कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरे पुसट दिसू लागतात. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या ब्लू केलेल्या रिव्हॉल्व्हरांमध्ये घोडा आणि चाप यांवर मूळची करडी-तपकिरी झाक असते. हे दोन्ही भाग नळीसारखेच निळे झालेले असतील, तर मुलामा नंतर चढवलेला आहे असे धरून चालावे. स्क्रूच्या खाचाही पाहाव्यात. त्या चेपलेल्या असतील तर चुकीचा पेचकस वापरून कोणीतरी शस्त्र उघडलेले आहे, आणि त्याने आत काय केले हे बाहेरून कळत नाही. रंग उडालेले, पण ज्याचे स्क्रू कधी हललेले नाहीत असे रिव्हॉल्व्हर मी केव्हाही अधिक विश्वासाचे मानेन.

सिलिंडर चुकीच्या अवस्थेत हलवून पाहणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. शस्त्र उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, विक्रेत्याने आपल्यासमोर रिकामे केले असले तरीही. त्यानंतर बहुतेक लोक घोडा खाली असताना सिलिंडर डावी-उजवीकडे हलवतात आणि तो डुगडुगला की शस्त्र नाकारतात. प्रत्यक्षात सिलिंडर घट्ट बसायला हवा तो गोळी सुटण्याच्या क्षणी. त्यासाठी नळी सुरक्षित दिशेला धरून घोडा चढवावा, अंगठ्याने घोडा आवरत चाप ओढावा, घोडा हळूच खाली उतरवावा आणि चाप मागे दाबलेलाच ठेवून मग सिलिंडर हलवून पाहावा. जुन्या कोल्टमध्ये या अवस्थेत सिलिंडर जवळजवळ अजिबात हलता कामा नये, कारण चाप ओढलेला असेपर्यंत आतला पंजा त्याला दाबून धरतो. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल स्वाभाविक आहे. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगले स्मिथ नाकारले जाते आणि झिजलेले कोल्ट पसंत पडते.

पुढची तपासणी मापाची. त्यासाठी मोटारसायकलचे टॅपेट जुळवणाऱ्या मेकॅनिककडे असते तसले साधे फीलर गेज खिशात न्यावे. सिलिंडर मागे ढकलून धरावा आणि त्याचा पुढचा चेहरा व नळीचे मागचे टोक यांतली फट मोजावी. 0.004 ते 0.006 इंच, म्हणजे साधारण 0.10 ते 0.15 मिलिमीटर, ही उत्तम फट होय. ती 0.010 इंचाच्या पुढे गेली असेल तर मी तरी ते शस्त्र घेणार नाही. मग सिलिंडर पुढे ढकलून पुन्हा मोजावे. या दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे होणारी हालचाल. ती 0.003 इंचाहून बरीच जास्त असेल, तर प्रत्येक बाराबरोबर सिलिंडर मागे आपटत राहतो आणि झीज वेगाने वाढत जाते. एकाच घरासमोर मोजून थांबू नये. सहाही घरांसमोर मोजावे, कारण मापे कमी-जास्त येत असतील तर सिलिंडरचा अक्ष किंवा त्याचा चेहरा सरळ राहिलेला नाही.

यानंतर घोडा अगदी सावकाश चढवावा आणि सिलिंडरला बोटाचा हलका अडसर ठेवावा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा निदान त्याच क्षणी सिलिंडर अडकल्याचा टक् असा आवाज यायला हवा. झटकन घोडा चढवला की सिलिंडर स्वतःच्या वेगानेच जागेवर जाऊन बसतो आणि दोष झाकला जातो. दुकानात दाखवताना घोडा नेहमी झटक्यातच चढवला जातो, हे लक्षात असू द्यावे. पाच घरे बरोबर अडकली आणि सहावे मागे राहिले, तर सिलिंडर फिरवणाऱ्या मागच्या दातेरी चक्रीचा एक दाता झिजलेला आहे. अशा घरातून सुटलेल्या गोळीची कड नळीच्या तोंडाशी खरवडली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेवटी घोडा चढवून चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्यावर मध्यम जोर द्यावा. घोडा निसटला तर पुढे काहीही पाहण्याची गरज नाही.

उघडण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष करणे

वेब्ली आणि तिच्या रचनेवर बेतलेले कानपूरचे .32 रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडते. त्याची बिजागरी आणि वरची कडी हीच त्याची नाजूक जागा. मूठ पक्की धरून नळी वर-खाली आणि आडवी हलवावी; तिथे खुळखुळ जाणवली तर नुसते सिलिंडरचे माप बरोबर असून उपयोग नाही. ज्या रिव्हॉल्व्हरांचा सिलिंडर बाजूला निघतो, त्यांना सिनेमातल्यासारख्या मनगटाच्या झटक्याने बंद करण्याची सवय मारक ठरते, कारण सिलिंडर पेलणारा हात त्यामुळे वाकतो. तो चौकटीला सपाट बसतो का, हे उजेडासमोर धरून पाहावे.

नळी साफ न करता पाहणे

तेल आणि काजळीने भरलेल्या नळीत काहीही लपते. स्वतःची सळई आणि पांढरे कापड न्यावे. स्वच्छ नळीत एखादी काळसर गोल सावली दिसली तर अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडल्याने नळी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. नळीच्या मागच्या शंकूसारख्या तोंडाला बारीक तडा आहे का, हेही भिंगाने पाहावे. सिलिंडरवरची फिरण्याची रेघ मात्र मनाला लावून घेऊ नये, ती वापराची साधी खूण आहे.

काडतुसांची गल्लत

.32 पिस्तुलाचे काडतूस .32 लाँग रिव्हॉल्व्हरच्या घरात बसते, म्हणून काही जण ते वापरतात. अमेरिकी मानकांनुसार रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा कमाल दाब 15,000 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), तर पिस्तुलाच्या काडतुसाचा 20,500 पीएसआय आहे. आधीच्या मालकाने कोणती काडतुसे वापरली हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर फट पुन्हा मोजावी.

कागदपत्रे शेवटावर ठेवणे

क्रमांक खोडलेले किंवा घासलेले शस्त्र कितीही भक्कम असले तरी हातात घेऊ नये. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 8 नुसार क्रमांक खोडण्याला आणि ओळखखुणा नसलेले शस्त्र विकण्याला मनाई आहे. शस्त्रावरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरील नोंदीशी अंकागणिक जुळवावा. विक्रेता परवानाधारक व्यक्ती असेल, तर त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवल्यानंतर किमान 45 दिवस गेल्याखेरीज हस्तांतरण करता येत नाही. या काळात विक्रेत्याला ते शस्त्र परवानाधारक शस्त्र दुरुस्ती कारागिराकडे न्यायला सांगावे, आपण सोबत जावे आणि सहाही घरांची मापे कागदावर लिहून घ्यावीत.