फक्त मुळांनाच रंग: माझा अनुभव

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे रंग कितीही टिकाऊ असला तरी तीन-चार आठवड्यांत भांगाजवळ पांढरी रेघ दिसू लागतेच. माझी खरी अडचण मात्र टोकांची होती. पार्लरमध्ये दर वेळी रंग मुळापासून टोकापर्यंत फिरवला जात असल्याने थरावर थर चढून माझी तपकिरी टोके जवळजवळ काळी आणि राठ झाली होती, आणि नव्या मुळांचा रंग त्यांच्याशी जुळेनासा झाला होता.

आता मी घरीच, केवळ वाढलेल्या मुळांना रंग लावते. केसांचे चार भाग करून बारीक बटा उचलत ब्रशने रंग जुन्या रंगाच्या सीमेपर्यंतच नेते; तत्पूर्वी उरलेल्या लांबीला कंडिशनर चोळून ठेवते, म्हणजे चुकून लागलेला रंग तिथे सहजी चढत नाही. कानशिलांवरचे पांढरे केस फार चिवट असल्याने सुरुवात तिथूनच करते. मधल्या काळात भांग नागमोडी पाडला की रेघ बरीच झाकली जाते, आणि हा बिनखर्ची उपाय मला सर्वांत आवडतो.

या रंगांतील पॅरा-फेनिलीनडायअमाइन या रसायनाची अॅलर्जी अनेक वर्षांच्या वापरानंतरही अचानक उद्भवू शकते, म्हणून दर वेळी ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहणे मी कधीही टाळत नाही. डेव्हलपरमध्ये, म्हणजे रंगासोबत मिसळायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणात, कालवलेला रंग साठवता येत नसल्यामुळे मुळांपुरताच कालवते. उरलेली ट्यूब पुढच्या वेळी उपयोगी पडते.